चेंडू आधी, शिस्त मागाहून

फुटबॉलच्या सरावाला पहिल्या दिवशी मुलांची झुंबड उडते, महिन्याअखेर मोजकीच उरतात. मग मुलांना गोडीच नाही, असे वडीलधारे म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. आपल्या कारंज्याहून नागपूर काही दूर नाही. तेथील हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ साली, भर पावसात, झोपडपट्टीतील मुले फुटकी बादली लाथाडीत खेळताना पाहिली. गोडी होतीच, नव्हता तो चेंडू. बारसे यांनी तो दिला आणि त्यातूनच 'झोपडपट्टी फुटबॉल' उभा राहिला.

तेव्हा मुलांना रांगेत ताटकळत ठेवू नये. चारचार जणांचे लहान डाव लावावे, म्हणजे चेंडू प्रत्येकाच्या पायाशी वारंवार येतो. चुकणाऱ्याला सर्वांदेखत बोलू नये. डाव संपल्यावर जवळ घेऊन सांगावे. शिट्टीही जरा कमीच वाजवावी. कित्येक गुरुजींना चेंडूपेक्षा तीच अधिक प्रिय असते!