प्रदर्शनाच्या कोंबड्यांतील पिसांचे दोष : वंशाचे किती, खुराड्याचे किती?

(कुक्कुटपालक मेळाव्यातील भाषण)



प्रदर्शनात पक्ष्याची ठेवण, वजन, तुरा, डोळे हे सर्व पाहिले जाते, पण पुष्कळ वेळा गुण जातात ते पिसांत. परीक्षक त्या दिवशी समोर असलेला पक्षी पाहतो. पैदास करणाऱ्याला मात्र पुढचा प्रश्न विचारावा लागतो : हा दोष पिल्लांत उतरेल काय? एका नरामागे आपण आठ-दहा माद्या सोडतो, म्हणजे दोषी नर निवडला तर तो दोष सगळ्या कळपात पसरतो. उलट, खुराड्यात तुटलेल्या दोन पिसांसाठी उत्तम नर बाजारात वजनावर गेला, तर तेही नुकसानच.

म्हणून खुराड्यात निर्माण होणारे दोष आधी ओळखावेत. मादीच्या पाठीवरची पिसे गेली असतील तर बहुधा नर चढल्यामुळे. नराच्या पायाचा काटा बोथट करावा व नरांची संख्या जास्त नाही ना, ते पाहावे. शेपटीच्या बुडाशी किंवा गुदद्वाराभोवती पिसे कुरतडल्यासारखी दिसली तर पिसे बाजूला करून उवा शोधाव्यात. दाटी झाली की पक्षी एकमेकांची पिसे ओढतात. पंखाच्या सगळ्या पिसांवर एकाच उंचीवर आडवी बारीक रेघ दिसली, तर पीस वाढत असताना काही दिवस पक्षी आजारी होता किंवा खाद्यपाण्याची आबाळ झाली, असे समजावे. रंगीत जातींच्या पिल्लांना लायसिन, लोह किंवा फॉलिक ॲसिड कमी पडले तर पिसांचा रंग फिका पडतो. त्यासाठी वंशाला दोष देऊ नये, खाद्य सुधारावे.

आता वंशाचे दोष. दिवसाच्या उजेडात पंख पूर्ण उघडा. बाहेरच्या बाजूस साधारणपणे दहा मोठी पिसे, मग एक आखूड पीस आणि त्यानंतर आतली पिसे, अशी रांग असते. हे आखूड पीस मुळातच नसेल तर तेथे फट दिसते. हा फाटका पंख आनुवंशिक आहे. मात्र पिसे झडण्याच्या काळात बाहेरच्या पिसांची गळ याच जागेपासून सुरू होते. म्हणून फटीत कोवळा खुंट फुटला आहे का, ते बोटाने चाचपावे आणि नवी पिसे पूर्ण आल्यावरच निर्णय घ्यावा. पंख मिटल्यावर बाहेरची पिसे आत न जाता लोंबत राहणे, शेपटी सतत एका अंगाला वळणे किंवा खारीसारखी डोक्याकडे झुकणे, हे दोषही पैदाशीत नकोत.

ज्या जातीचे पाय स्वच्छ असावेत, तिच्या नळीवर व बोटांच्या बेचक्यात बारीक लव किंवा पिसांचे खुंट पाहावेत. काही जण प्रदर्शनापूर्वी ते चिमट्याने उपटतात. परीक्षक फसेलही, पिल्लांचे पाय फसत नाहीत. विकत घेणाऱ्याचीही यात फसवणूकच होते.

रंगाच्या बाबतीत घाई करू नये. काळ्या जातींच्या पिल्लांना पोटाखाली व पंखांच्या टोकाशी पांढुरकेपणा असतो, तो मोठी पिसे येताना जातो. तेव्हा तलंगा व नर पाच-सहा महिन्यांचे झाल्यावर पाहावेत. वाढलेल्या पक्ष्यात एखादे पांढरे पीस असेल तर जखमेमुळेही असते. मात्र दोन्ही काळ्या आईबापांपासून संपूर्ण पांढरे पिल्लू निघाले, तर तो छुपा गुण बहुधा दोघांकडूनही आलेला असतो. अशा वेळी फक्त मादी काढून नर ठेवला तर काम अर्धेच होते.

जात कोणती, हेही विसरू नये. कडकनाथमध्ये गर्द काळा, चंदेरी छटेचा व सोनेरी छटेचा असे तीन प्रकार आहेत. मानेवरच्या ज्या पांढऱ्या रेघा चंदेरीत शोभतात त्या गर्द काळ्यात दोष ठरतात. शिवाय पिसांचा काळेपणा व मांसाचा काळेपणा यांची जनुके वेगळी आहेत, त्यामुळे काळ्या पिसांवरून संकराचे पिल्लू अस्सल मानू नये. ऱ्होड आयलंड रेडच्या पंखांत व शेपटीत काळा रंग हवाच, पण पिसे फुंकून पाहिल्यावर बुडाशी काजळी दिसली तर तो दोष. असीलची पिसे आखूड, कडक, अंगाला चिकटलेली असतात आणि छातीच्या हाडावर कातडी उघडी दिसते. ते जातीचे लक्षण आहे. मऊ, भरगच्च पिसांचा असील मात्र शंका घेण्याजोगा. उलट्या पिसांच्या नराला तशीच मादी देऊ नये. सुमारे चौथाई पिल्लांची पिसे फार ठिसूळ होऊन गळतात. त्याला साध्या पिसांची मादी द्यावी.

हे सारे लक्षात ठेवायला वही हवी. प्रत्येक नराचा गट वेगळा ठेवून पिल्लांना पायात कडी किंवा पंखात बिल्ला लावावा. नोंद नसेल तर दोष कोणाचा, यावर घरात वाद होतात, उत्तर मिळत नाही.

तुटलेले पीस मुळासकट काढल्यास नवे यायला सुमारे सहा ते आठ आठवडे लागतात, तेव्हा प्रदर्शनाच्या तारखेपासून मागे मोजून ते काम करावे. नवे पीसही पुन्हा त्याच वेगळ्या रंगाचे आले तर वहीत तसे लिहावे.

ज्यांनी आज पक्षी आणले आहेत त्यांनी भाषणानंतर मंडपामागे यावे, पंख उघडून पाहू.