मुलाचा हात मोकळा ठेवावा
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



जून महिन्यात पहिलीच्या वर्गात येणाऱ्या मुलांकडे पाहिले, की घरोघरचे वळण सहज ओळखू येते. एक मूल दप्तर स्वतः उघडते, सदऱ्याची गुंडी लावते, तहान लागली की उठून पाणी घेते. दुसरे डबा उघडण्यासाठीही गुरुजींची वाट पाहत बसते. दुसऱ्याची बुद्धी उणी असते असे नव्हे. पाणी सांडेल, वेळ मोडेल, म्हणून घरच्यांनी त्याला ते करूच दिलेले नसते. ‘थांब, तुला जमायचे नाही’ हे शब्द जे मूल रोज ऐकते, त्याला ते खरे वाटू लागतात. आणि पुढे फळ्यावरील गणितासमोरही ते त्याच शब्दांनी मागे सरते.

१९०७ साली रोममधील गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केले. तेथे एकदा त्यांनी नाक कसे पुसावे याचा धडा दिला, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या. नाकावरून त्यांना सर्वांनी हिणविले होते. शांतपणे शिकविले मात्र कोणीच नव्हते. हिणविणे आणि शिकविणे यांतील हे अंतर प्रत्येक पालकाने जाणले पाहिजे.

यावर खेड्यातील पालक म्हणतात, ‘आमची पोरे तर सारीच कामे करतात.’ येथे विवेक हवा. स्वतःचे काम स्वतः करणे हा मुलाचा विकास होय. मोठ्यांचे काम मुलावर लादणे हा भार होय. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर घरी राहणारी मुलगी स्वावलंबी झाली असे म्हणता येत नाही. तिची शाळा बुडालेली असते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ही अडचण ओळखली. १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू करून १९५७ मध्ये त्यांनी ते कोसबाडला नेले. तेथे पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या. भावंड पाळणाघरात राही आणि ताईचे हात पाटीसाठी मोकळे होत.

पालकांना सांगावयाच्या गोष्टी थोड्याच आहेत. पाण्याचे लहान भांडे मुलाच्या हाताला येईल असे ठेवावे. सांडले तर फडके द्यावे, धपाटा नव्हे. सकाळी त्याला थोडे लवकर उठवावे, म्हणजे कपडे घालण्यास त्याला सवड मिळेल. दोन सदऱ्यांपैकी कोणता, हे त्यालाच ठरवू द्यावे. शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. विहीर, विस्तव, विळा व रहदारीचा रस्ता येथे मात्र मोठ्यांचा शब्द अखेरचा असावा, आणि त्याचे कारण मुलाला समजावून द्यावे. मर्यादा ठाऊक असलेले मूलच निर्भयपणे वावरते.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ मध्ये शाळा व्यवस्थापन समितीतील किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, अशी तरतूद आहे. म्हणून हा विषय समितीच्या बैठकीत अवश्य मांडावा. परंतु तत्पूर्वी शिक्षकांनी आपल्या वर्गाकडे पाहावे. खडू, झाडू, पुस्तकांचे कपाट मुलांच्या हाती आहे काय? उत्तर चुकले तर पुन्हा प्रयत्न करण्यास उसंत मिळते काय? जे शाळेत दिसेल, तेच घरी पटेल. मुलाच्या हातून सांडलेले पाणी पुसता येते. एकदा खचलेला धीर मात्र सहजी भरून येत नाही.