विसर्जन आणि विरघळणे
(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पाण्याच्या काठावर मूर्तींचे हात, सोंडा पडलेल्या दिसतात आणि मन खट्टू होते. बाप्पा विरघळत का नाहीत, हे आज आम्ही सांगणार आहोत.

सुरुवात मिठापासून करू. सोडिअमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात. त्यातला एक तो क्लोरीनला देऊन टाकतो. देणाऱ्यावर धन भार येतो, घेणाऱ्यावर ऋण. अशा भारित कणांना आयन म्हणतात. मूळ ग्रीक अर्थ 'जाणारा'. मायकेल फॅरडे यांनी १८३४ मध्ये हा शब्द विज्ञानात आणला. विरुद्ध भार एकमेकांना धरून ठेवतात आणि मिठाचा खडा बनतो. पाण्याचे रेणू हे आयन एकेक करून सोडवतात; म्हणूनच लिटरभर पाण्यात सुमारे ३६० ग्रॅम मीठ विरघळते.

प्लास्टर ऑफ पॅरिस हेही आयनांचेच संयुग. पाणी घेऊन ते घट्ट होते, त्याचे जिप्सम बनते. पण त्यातल्या कॅल्शिअमवर दोन धन भार आणि सल्फेटवर दोन ऋण भार असतात. पकड मजबूत, म्हणून लिटरभर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते.

यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला उपाय म्हणजे अमोनिअम बायकार्बोनेट. त्याच्या द्रावणात आयन जोडीदार बदलतात. कॅल्शिअम कार्बोनेट खडूच्या भुकटीसारखे तळाशी बसते, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघून जातात आणि पाण्यात अमोनिअम सल्फेट उरते. तेच शेतकरी खत म्हणून वापरतात.

हिशेबाने एक किलो जिप्समला सुमारे ९२० ग्रॅम पूड लागते. तेव्हा निदान मूर्तीच्या वजनाइतकी तरी घ्यावी. बादली गच्चीवर किंवा अंगणात ठेवावी, कारण अमोनियाचा उग्र वास येतो. अधूनमधून ढवळावे. रासायनिक रंग मात्र गाळात तसेच राहतात, म्हणून रंगीत मूर्तीचे पाणी झाडांना घालू नये. आणि खाण्याचा सोडा याऐवजी चालेल का? त्यातून सोडिअम सल्फेट तयार होते. ते खत नव्हे, उलट जमीन खारवते.

"बाप्पांना बादलीत कसे ठेवायचे?" असे ज्येष्ठ मंडळी विचारतात. त्यांची भावना आम्हाला मान्य आहे. पण काठावर भग्न होऊन पडण्यापेक्षा घरच्या पाण्यात पूर्ण विरघळणे अधिक आदराचे नाही का? शाडूची मूर्ती आणली, तर हा प्रश्नच उरत नाही. मातीचे कण साध्या पाण्यात सुटे होतात. पुढच्या वर्षीची मूर्ती ठरवताना घरात एवढा विचार जरूर व्हावा.

गणपती बाप्पा मोरया!