हातांचे विज्ञान आणि पडद्यावरील प्रशिक्षण
(देवबाग येथील ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार हा आपल्या वार्षिक मेळाव्यातील मानाचा कार्यक्रम होय. परंतु त्या मुलांना घडविणाऱ्या विज्ञानशिक्षकाच्या शिक्षणाचा विचार आपल्या व्यासपीठावर क्वचितच होतो. आज आम्ही तोच विषय आपणांपुढे मांडीत आहोत.

प्रत्येक शिक्षकास दरवर्षी किमान 50 तास व्यावसायिक विकासाची संधी मिळावी, अशी अपेक्षा 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने व्यक्त केली. त्याच वर्षी, करोनाच्या साथीत, ‘निष्ठा’ हे शिक्षकप्रशिक्षण ‘दीक्षा’ या मंचावरून ऑनलाइन सुरू झाले. एका अंगास समुद्र आणि दुसऱ्या अंगास कर्ली नदी, अशा चिंचोळ्या पट्टीवरील आपल्या गावच्या शिक्षकास वर्ग बंद ठेवून दूर शहरी जावे लागू नये, ही सोय लहान नव्हे. पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत श्री. अरविंद गुप्ता व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून सिद्ध केलेल्या प्रयोगांच्या चित्रफितीही आता घरबसल्या पाहावयास मिळतात.

तथापि, पाहणे निराळे आणि करणे निराळे. काठावर बसून पोहणे कोणास आले आहे? मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम 1972 पासून 2002 पर्यंत चालला. त्यातील शिक्षक प्रथम स्वतः विद्यार्थी होऊन प्रयोग करीत आणि मगच ते वर्गात नेत. हे मर्म पडद्यावरील प्रशिक्षणात हरवता कामा नये.

एक उदाहरण घेऊ. शीतपेयाच्या नळीचे एक टोक चिकणमातीने बंद करून ती पाण्यात उभी तरंगत ठेवावी. विहिरीच्या गोड्या पाण्यात ती अधिक बुडते, समुद्राच्या पाण्यात कमी. कर्लीच्या मुखाशी तिची खूण भरती-ओहोटीप्रमाणे बदलते. चित्रफितीत हे दोन मिनिटांत होते. प्रत्यक्षात नळी कलते, माती सुटते, खुणा जुळत नाहीत. ती का कलली, हे ज्याने स्वतः शोधले तोच शिक्षक मुलांच्या प्रश्नांना न घाबरता सामोरा जाईल. आणि हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. वाळूच्या अशा पट्टीत गोडे पाणी हलके म्हणून खाऱ्या पाण्यावर तरंगते; पंपाने उपसा अति झाला की खालचे खारे पाणी वर चढते. आपल्या विहिरींचे भवितव्य ज्यांच्या हाती जाणार, त्या मुलांना हे कळावयास नको काय?

यास्तव आमच्या तीन सूचना आहेत. आसपासच्या शाळांतील शिक्षकांनी प्रशिक्षण एकेकट्याने न पाहता एकत्र बसून पाहावे आणि प्रयोग त्याच बैठकीत करावा. पंधरा दिवसांनी पुन्हा जमून वर्गात काय साधले, काय फसले, हे एकमेकांस सांगावे. त्या बैठकीस उधाण आणि भांग यांचे गणित अनुभवाने जाणणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्या मच्छीमारांनाही बोलवावे. त्यांच्या ज्ञानास शाळेत अद्याप मानाचे आसन मिळालेले नाही.

ज्ञातिसंस्थेने जागा द्यावी आणि सत्कारनिधीतून प्रयोगसाहित्याची एक पेटी पुरवावी. शाल-श्रीफळाने शिक्षकाचा मान राहतो. परंतु पेटीने त्याचे काम चालते. या सूचनांचा कार्यकारी मंडळाने अगत्यपूर्वक विचार करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.