वाटाड्याचा प्रश्न
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



शाळेच्या मधल्या जिन्यावर यंदा एक नवे छायाचित्र लागले आहे. नऊ माणसे, त्यांच्या मागे हिमशिखरांची लांबच लांब रांग आणि पुढे धरलेला शाळेच्या हीरक महोत्सवाचा फलक. छायाचित्राखाली मात्र नावे अकरा आहेत. जिना चढणारे थांबतात, माणसे मोजतात, पुन्हा एकदा मोजतात आणि विचारतात, उरलेले दोघे कुठे गेले? आजचे हे व्याख्यान त्या दोघांविषयी आहे, आणि त्यांना अर्ध्या वाटेवरून खाली पाठवणाऱ्या वाटाड्याविषयीही.

छायाचित्रातील जागा चंद्रशिला. गढवालात, उखीमठ आणि गोपेश्वर यांना जोडणाऱ्या घाटरस्त्यावर चोपता नावाचे छोटेसे ठिकाण आहे. तेथून फरसबंद पायवाट पंचकेदारांपैकी तिसऱ्या केदाराकडे, तुंगनाथाकडे चढते. भारतीय युद्धानंतर पांडव शंकराच्या शोधात हिमालयात आले, शंकराने वृषभरूप घेतले आणि त्याचे बाहू या ठिकाणी प्रकटले, अशी कथा आहे. देवळाच्या मागून दीडेक किलोमीटरची खडी, दगडगोट्यांची वाट ज्या माथ्यावर जाऊन संपते, ती चंद्रशिला. चंद्राने येथे तप केले, असे तेथील लोक सांगतात. माथ्यावर एक लहानसे देऊळ आहे आणि चहूबाजूंना आकाश. हवा स्वच्छ असेल तर समोर ७,१३८ मीटर उंचीचा चौखंबा, एका अंगाला केदारनाथ शिखर आणि पूर्वेकडे त्रिशूळ व नंदादेवी एका नजरेत दिसतात. पहाटे निघून दुपारपर्यंत परतता येते, म्हणून पन्नाशी-साठीच्या माणसांनाही ही वाट आपल्या आवाक्यातली वाटते.

आवाक्यातली वाटते, पण तेथेच गफलत होते. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. चोपता हे चालायला सुरुवात करण्याचे ठिकाणच त्याहून सुमारे हजार मीटर उंच आहे. तुंगनाथाच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशापर्यंत उतरतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायू त्याच प्रमाणात कमी येतो. शरीर याची सवय करून घेते, पण त्यासाठी त्याला दिवस द्यावे लागतात. साधारण अडीच हजार मीटरांच्या वर घाईने गेलेल्या माणसाला डोकेदुखी, मळमळ, चक्कर, अन्नावरची वासना उडणे असा त्रास सुरू होऊ शकतो. तरुणाला होतो, व्यायाम करणाऱ्यालाही होतो. अंगातली ताकद आणि हा त्रास यांचा काही संबंध नाही. दुखणे अंगावर काढून वर जात राहिल्यास मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येऊन जिवावर बेतते.

शाळेच्या एका तुकडीतील अकरा माजी विद्यार्थी, सात पुरुष आणि चार स्त्रिया, गेल्या ऑक्टोबरात या वाटेवर गेले. पावसाळा संपल्यानंतरचा हा महिना हिमशिखरे पाहण्यासाठी उत्तम. हीरक महोत्सवाचा फलक चंद्रशिलेवर उघडायचा, ही कल्पना त्यांच्यातील एका निवृत्त अभियंत्याची. दोन वर्षे त्यांनी या सहलीची आखणी केली होती. गाड्या, मुक्काम, औषधे, सगळे त्यांच्या वहीत होते. फलकही त्यांनीच शिवून घेतला आणि कोणाच्या हाती न देता स्वतःच्या पाठपिशवीत ठेवला.

सोबतीला दोन वाटाडे ठरले होते. उखीमठाकडच्या गावातला एक तिशीतला तरुण, आणि मागे चालायला त्याचा चुलत भाऊ. पुढे एक आणि शेवटी एक, ही त्यांची रीत. शेवटच्या माणसाच्या मागे कोणी नसेल तर शेवटचा माणूस कोण, हे कळत नाही, असे तो म्हणे. त्याने आधीच दूरध्वनीवर सुचवले होते की, ऋषिकेशहून निघाल्यावर एक रात्र उखीमठला काढावी. ऋषिकेश समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेतीनशे मीटरांवर, उखीमठ साधारण तेराशेवर. शरीराला एक पायरी मिळेल. वहीत तेवढा दिवस नव्हता. देवप्रयाग, श्रीनगर, रुद्रप्रयाग करीत मंडळी एका दिवसात थेट चोपत्याला पोहोचली.

चोपत्याच्या त्या रात्री वाटाड्याने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, माथ्यावर असा किंवा नसा, सकाळी दहाला परत फिरायचे. दऱ्यांत ऊन शिरले की हवा तापून डोंगराच्या अंगाने वर चढते, तिच्याबरोबर बाष्पही चढते आणि दुपारपर्यंत शिखरे ढगांत जातात. दुसरी, वाटेची वळणे तोडून गवतातून आडवे चढायचे नाही. वृक्षरेषेच्या वरच्या या कुरणांना गढवालीत बुग्याल म्हणतात. तिथली माती बोटभर, तिच्यावरचे गवत वर्षातून थोडेच महिने वाढते. एकदा पायांनी सोललेली जागा पाण्याच्या लोटाने वाहून जाते. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली, ती याच काळजीपोटी. तिसरी गोष्ट, एकट्याने खाली उतरायचे नाही. कोणी परतणार असेल तर सोबतीने परतेल.

पहाटे साडेपाचला चालणे सुरू झाले. बुरांस आणि खरसूच्या झाडांतून वाट चढत गेली. उजाडले तसे झाडे खुजी होत गेली, मग संपली आणि पिवळट गवताचे उतार लागले. मंडळी आनंदात होती. शाळेतल्या प्रार्थना म्हणून झाल्या, मास्तरांच्या नकला झाल्या. दर अर्ध्या तासाला वाटाडा थांबे आणि प्रत्येकाजवळ जाऊन काहीतरी विचारी. गंमत अशी की, "त्रास होतोय का?" असे तो एकदाही विचारत नव्हता. एकाला तो विचारी, सकाळी पराठे किती खाल्ले? दुसरीला विचारी, चहा कसा लागला? तिसऱ्याला, रात्री जाग किती वेळा आली? बोटाला लावायचे ऑक्सिमीटर त्याच्या खिशात होते, पण थंडीने बोटे गारठली की त्यातला आकडा फसवतो, हे त्याला ठाऊक होते. त्याचा भरवसा पराठ्यांवर अधिक.

सव्वाआठला तुंगनाथाच्या दगडी देवळासमोर सगळे पोहोचले. दर्शन झाले. प्रांगणाच्या कडेला बसल्यावर वाटाड्याने अभियंत्यांना विचारले, "अंकलजी, पराठे किती झाले?"

"एवढ्या सकाळी मला खायची सवय नाही," ते हसून म्हणाले.

शेजारी बसलेला त्यांचा मित्र पहिलीपासून एकाच बाकावरचा. तो सहज बोलून गेला, "याला? न्याहारी चुकली तर हा माणूस घर डोक्यावर घेतो."

वाटाडा हसला नाही. त्याने अभियंत्यांना बाजूला नेले. हळूहळू सगळे बाहेर आले. रात्रीपासून डोके ठणकत होते. पहाटे दोन गोळ्या घेतल्या होत्या. मळमळत होते. कोणाला बोलायचे नाही, असे त्यांनी ठरवून टाकले होते. सहल आपण आखलेली, फलक आपल्या पिशवीत, आणि आपल्यामुळे दहा जणांचा विरस कशाला?

वाटाड्याने त्यांना फरशीच्या सांध्यावरून, टाचेपुढे चवडा ठेवीत, सरळ चालायला लावले. ते नीट चालले. तोल जात नव्हता, म्हणजे मेंदूपर्यंत गोष्ट गेलेली नव्हती. बसल्याजागी धाप नव्हती, खोकला नव्हता. तो म्हणाला, "गोळीने डोके शांत होते, आजार शांत होत नाही. तुम्ही खाली जायचे."

येथे वाद झाला. माथा समोर दिसत होता. अभियंते म्हणाले, फक्त दीड किलोमीटर राहिले. मित्रांपैकी काहींनी त्यांची बाजू घेतली. बसत बसत जाऊ, घोटभर पाणी पीत जाऊ, हवे तर पाठपिशवी आम्ही घेतो. दोन वर्षांची आखणी, साठीला टेकलेले वय, पुन्हा कधी येणे होणार? या म्हणण्यात प्रेम होते, आणि म्हणूनच ते धोक्याचे होते. वाटाड्याचे पैसे हेच लोक देणार होते. त्याने मान हलवली असती तर कोणी त्याला दोष दिला नसता.

तो म्हणाला, "वर गेल्यावर तुम्हाला बरे वाटेल की नाही, हे मला सांगता येत नाही. खाली उतरल्यावर बरे वाटेल, एवढे मला सांगता येते."

यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. अभियंत्यांनी काही न बोलता पाठपिशवी उघडली, घडी घातलेला फलक काढला आणि दुसऱ्याच्या हाती दिला. बाकावरचा मित्र उठून उभा राहिला. त्याला कोणी सांगितले नव्हते. मागचा वाटाडा पुढे झाला आणि तिघे उतरणीला लागले.

उरलेले नऊ जण साडेनऊला माथ्यावर पोहोचले. चौखंबा समोर उभा होता, इतका जवळ की बोलणी आपोआप थांबली. फलक उघडला गेला, छायाचित्र निघाले. पावणेदहाला दरीतून धुक्याचा पहिला पदर वर आला आणि दहा वाजता, ठरल्याप्रमाणे, सगळे परत फिरले.

चोपत्याच्या चहाच्या टपरीत त्या दोघांमध्ये काय बोलणे झाले, ते अभियंत्यांनीच नंतर माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सांगितले. उतरता उतरता डोके हलके होत गेले होते. मित्राने त्यांना आठवीतल्या बीजगणिताच्या तासाची आठवण करून दिली. गणिताचे सर फळ्यावर उदाहरण सोडवीत, पण "समजले का?" असे कधी विचारीत नसत. त्या प्रश्नाला सगळा वर्ग "हो" म्हणतो, हे त्यांना माहीत होते. ते एकाच्या हाती खडू देत आणि म्हणत, पुढची ओळ तू लिही. खडू हातात आला की लपलेले उघडे पडे. हाच मुलगा तेव्हा फळ्याजवळ अडला होता, रडवेला झाला होता, आणि सरांनी त्याला सगळ्या वर्गासह दोन धडे मागे नेले होते. पुढे तोच मुलगा अभियंता झाला. सर मागे गेले नसते तर कदाचित झाला नसता.

पालकहो, या दिवसातून उचलण्यासारखे काही असेल तर ते हे आहे. मूल दुखणे लपवते ते खोटेपणाने नव्हे. आपल्यामुळे कोणाचा विरस होऊ नये म्हणून ते लपवते. घरी मराठी, रस्त्यावर दुसरी भाषा, पुढच्या शिक्षणाला तिसरी, अशा परमुलखातील शाळेत तर "मला कळले नाही" हे म्हणणे अधिकच जड जाते. वडिलांनी फी भरलेली असते, आईने आशा धरलेली असते, फलक पाठपिशवीत असतो. "सगळे ठीक आहे ना?" या प्रश्नाचे उत्तर साठीच्या माणसानेही खोटे दिले, तेथे आठवीतले मूल खरे कसे देईल? त्याला पराठ्यांचा प्रश्न विचारावा लागतो. डबा का उरला? झोप कशी लागली? पुढची ओळ लिहून दाखवतोस का? आणि खरे उत्तर आल्यावर, माथा कितीही जवळ दिसत असला तरी, त्याला दोन धडे मागे नेण्याची तयारी ठेवावी लागते. तेही एकट्याला नव्हे, कोणाच्या तरी सोबतीने.

दुपारी एकच्या सुमारास नऊ जण आणि त्यांचा वाटाडा चोपत्याला उतरले. अभियंते टपरीच्या बाकावर बसले होते. वाटाड्याने डोके कसे आहे, असे विचारले नाही. त्याने टपरीवाल्याकडे पाहिले. टपरीवाल्याने तीन बोटे वर केली. तीन पराठे झाले होते.

छायाचित्राखाली नावे लिहायची वेळ आली तेव्हा नऊच लिहावीत, असा अभियंत्यांचा आग्रह होता. बाकीच्यांनी तो मानला नाही. म्हणून जिन्यावरच्या त्या चौकटीत माणसे नऊ आणि नावे अकरा आहेत. दोघे वाटाडे मात्र त्यात कोठेच नाहीत. एक छायाचित्र काढीत होता, आणि दुसरा त्या दोघांच्या मागोमाग उतरत होता.