बालकांचे रक्षण की सर्वांची झडती?

(कुडवा, जि. गोंदिया येथे पक्षकार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



मुलांचे रक्षण व्हावे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मोबाइलच्या पडद्यावर मुलांचे लक्ष विकून कंपन्या नफा मिळवितात आणि त्याची किंमत मुलांची झोप, अभ्यास व मनःस्वास्थ्य यांतून वसूल होते. शासनाने येथे हस्तक्षेप करू नये, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो हस्तक्षेपाच्या रीतीचा.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. त्याच्या माहितीचा वापर करण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती नवव्या कलमान्वये आवश्यक ठरते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कंपन्यांवरील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावयाची आहेत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव केला. ब्रिटनमध्ये अश्लील मजकुराच्या संकेतस्थळांवर जुलै २०२५ पासून वयतपासणी सक्तीची झाली.

परंतु बालक कोण हे ठरवावयाचे, तर बालक कोण नाही हेही ठरवावे लागते. म्हणजे मुलांसाठी उभारलेल्या चौकीवर झडती होते ती सर्वांचीच. ज्या कंपन्यांपासून मुलांना वाचवावयाचे, त्यांच्याच हाती साऱ्या समाजाची ओळखपत्रे व चेहरे सोपविले जातात. हा धोका काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या कंपनीने सुमारे ७०,००० वापरकर्त्यांच्या ओळखपत्रांची छायाचित्रे चोरट्यांच्या हाती लागली असावीत, अशी कबुली दिली. वयाविषयीच्या तक्रारींची तपासणी करण्यासाठीच ती मागविलेली होती.

महाराष्ट्राला हा अनुभव अगदीच नवा नाही. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात वाटले गेले. सोय म्हणून आलेला क्रमांक पुढे दारोदारी मागितला जाऊ लागला. आधारविरोधी याचिकांतूनच २४ ऑगस्ट २०१७ चा निकाल आला आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले. हक्कावर बंधन घालावयाचे तर त्याला कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि हेतूच्या प्रमाणात उपाय हवा, ही कसोटी त्यातून मिळाली. सर्वांची झडती या कसोटीला कितपत उतरते?

त्यात वर्गाचा प्रश्नही आहे. ज्या घरात एकच मोबाइल आहे, आईबाप मजुरीसाठी परगावी आहेत व मुले आजीजवळ आहेत, तेथे संमती देणार कोण? कागदपत्रे तयार असलेल्या घरातील मूल आत जाईल. मजुराचे मूल एक तर बाहेर राहील किंवा खोटे वय सांगेल. पडताळणीचा खर्चही बड्या कंपन्या सहज पेलतील, लहान संस्था मोडतील. मक्तेदारीला आवर घालण्याऐवजी तिला कुंपण घालून दिल्यासारखे होईल.

याच नवव्या कलमात बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. हा घाव थेट नफ्याच्या मुळावर आहे व म्हणून तो स्वागतार्ह आहे. मात्र पाळत हा व्यापार मुलांपुरताच अनिष्ट का मानावा? प्रौढांनाही हे संरक्षण मिळाले, तर दारात वय विचारण्याची निकड पुष्कळच कमी होईल.

दुसरीकडे, सतराव्या कलमाने केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार दिला आहे, देखरेख मंडळाचे सदस्यही तेच नेमते, आणि याच कायद्याने माहिती अधिकारातील वैयक्तिक माहितीविषयीचे कलम आकुंचित केले. नागरिक काचेच्या घरात आणि सत्ता भिंतीआड, अशी ही मांडणी आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. जेथे तपासणी अटळ असेल तेथे वय कळावे, ओळख कळू नये. तपासणी होताच कागद नष्ट व्हावा. कागदपत्रांअभावी कोणाचेही मूल शिक्षणोपयोगी साधनांना मुकू नये. शासकीय सूट मर्यादित व्हावी आणि मंडळ स्वतंत्र असावे. कार्यकर्त्यांनी हा विषय पालकसभांतून मांडावा. मुलांच्या काळजीपोटी पालक कोणत्याही कागदावर सही करण्यास तयार होतात; त्या सहीचा अर्थ त्यांना आधी समजावून देणे, हे चळवळीचे काम आहे.