श्रम म्हणजे व्यायाम नव्हे



महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण हा विषय कामगार संघटनेच्या माणसाकडे यावा, याचे आपल्यापैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. महाविद्यालयाची पायरी मी विद्यार्थी म्हणून कधी चढलेलो नाही. पण हे शिक्षण ज्या शास्त्रावर उभे आहे, त्याची पुस्तके मिळतील तशी वाचत गेलो, तेव्हा त्यांच्या पानोपानी मला आमचीच माणसे भेटली. म्हणून हे आमंत्रण स्वीकारले.

आपल्या देशात हे शिक्षण कालपरवाचे नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. मद्रासला हॅरी क्रो बक यांनी वाय. एम. सी. ए.चे शारीरिक शिक्षण महाविद्यालय १९२० साली काढले. ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई महाविद्यालय १९५७ चे. तरीही लोकांची समजूत अशी की, तेथे ड्रिलमास्तर तयार होतात. एक शिट्टी आणि खणखणीत आवाज एवढे भांडवल त्यांना पुरते! प्रत्यक्षात आज बी. पी. एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. राबणाऱ्या स्नायूला प्राणवायू किती लागतो, ओझे उचलताना कण्यावर भार कसा पडतो, थकवा कसा येतो आणि कसा उतरतो, हे सारे त्या मुलामुलींना शिकावे लागते.

हे ज्ञान आले कोठून? मैदानावरून, असे कोणीही म्हणेल. आणि ते अर्धे खरे आहे. ए. व्ही. हिल यांना स्नायूंतील उष्णतेच्या संशोधनाबद्दल १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पुढे त्यांनी धावणाऱ्या माणसांच्या श्वासाचा हिशेब मांडला. उरलेले अर्धे मात्र कारखान्यांतून आणि बांधकामांवरून आले. पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत व्हर्नन नावाच्या संशोधकाने कामाचे तास आणि माल यांचा मेळ घालून पाहिला. तास कमी केले तर माल घटण्याऐवजी वाढला! मालकमंडळींना हे पटवण्यात आमची हयात गेली.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १९२७ साली थकव्याची प्रयोगशाळा उघडली. ती १९४७ पर्यंत चालली, आणि व्यायामाच्या शरीरशास्त्राचे ते माहेरघर समजले जाते. ही प्रयोगशाळा क्रीडांगणाशेजारी असेल असे आपणांस वाटेल. ती होती व्यापारशिक्षणाच्या शाळेच्या तळघरात. त्या सुमारास कोलोरॅडो नदीवर बोल्डर धरणाचे काम वाळवंटात चालू होते. १९३१ च्या उन्हाळ्यात तेथे उष्म्याने मजूर मेले. ऑगस्टमध्ये संप झाला. मागण्यांत मजुरीबरोबर एक मागणी बर्फाच्या थंड पाण्याची होती. संप मोडला. दुसऱ्या वर्षी, १९३२ च्या उन्हाळ्यात, हार्वर्डचे डेव्हिड ब्रूस डिल आणि त्यांचे सहकारी तेथे गेले. त्यांनी मजुरांच्या घामाची तपासणी केली. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते आणि दोन्ही भरून काढावे लागते, हे दाखवून दिले. खेळाडूला पाणी आणि मीठ कधी द्यावे हा धडा आज वर्गात शिकवतात, त्यात त्या मजुरांच्या घामाचाही वाटा आहे. पाणी मागणाऱ्यांचे नाव मात्र त्या धड्यात नाही.

आणखी एक उदाहरण लंडनचे. जेरी मॉरिस यांनी तेथील दुमजली बसगाड्यांच्या चालकांची आणि वाहकांची तुलना केली व १९५३ साली ती प्रसिद्ध केली. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. हालचाल हृदयाला हितकर, हे त्यावरून जगाला पटू लागले.

येथेच एक घोटाळा झाला. मग हमालाला व्यायामाची काय गरज, त्याचा व्यायाम रोजच होतो, असे शहाणीसुरती माणसेही म्हणू लागली. २०१८ साली अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा अंगमेहनतीचे जड काम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचे प्रमाण हलके काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी अधिक आढळले. गरिबी आणि तंबाखू यांचाही त्यात हात असेल. शास्त्रज्ञांत याविषयी वाद आहे. पण कारण समजण्यासारखे आहे. पहिलवान जोरबैठका काढतो, मग खुराक, मालिश आणि झोप. अंग भरते ते त्या विसाव्यात. वस्ताद त्याला 'आज पुरे' म्हणतो. हमालाला 'आज पुरे' म्हणणारा कोणी नाही. त्याची मजुरी पोत्यामागे आहे, वर गाडी भरण्याची घाई आहे. नाडी तासन् तास चढलेली, ओझे धरून ठेवल्याने रक्तदाब चढलेला, आणि हे आठ-आठ तास, वर्षानुवर्षे. कंबर धरली की डॉक्टर चिठ्ठीवर 'पंधरा दिवस सक्त विश्रांती' लिहून देतात. एवढे महाग औषध बाजारात दुसरे नाही!

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली की, एका प्रौढ पुरुषाने हाताने वाहून न्यावयाचे ओझे ५५ किलोंहून जड असू नये. क्विंटलाचे पोते पाठीवर वाहिलेली माणसे आपल्या गावात आजही आहेत. आपल्या राज्यात १९६९ साली माथाडी कायदा झाला. नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी यांची वाट त्याने मोकळी केली. पण पाठीचे काय, हे कायद्याने ठरवले तरी मोजावयाचे कोणी?

माझी सूचना येथील शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांना आहे. आपले विद्यार्थी शाळांत जाऊन पाठ घेतात, ते घेऊ द्यात. त्यांतले काही दिवस त्यांना आमच्या बाजार आवारात पाठवा. हार्वर्डच्या प्रयोगशाळेतील ब्रूहा यांनी पायरीवर चढउतार करून नाडी मोजण्याची कसोटी १९४३ साली दिली, ती हे विद्यार्थी एकमेकांवर करतातच. पुढे ब्रूहांनी कारखान्यांतील कामगारांची नाडीही काम थांबताच मोजली. त्याला उपकरण लागत नाही. घड्याळ आणि दोन बोटे पुरतात. थप्पी लावून झाली की पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या मिनिटाला नाडी मोजावी. ती खाली येत नसेल तर विसावा अपुरा आहे. वाटाघाटीत आम्ही आजवर 'माणसे थकतात' एवढेच सांगत आलो. समोरचे गृहस्थ म्हणतात, 'आम्हीही थकतो.' हे आकडे हाती असले तर बोलणे निराळे होईल.

विद्यार्थ्यांनाही एक गोष्ट आम्ही शिकवू शकू. पोते पाठीवर घेण्यापूर्वी जुना हमाल पाय कसे रोवतो, आकडा कोठे लावतो, ओझे अंगाशी कसे धरतो, हे त्यांनी पाहावे आणि त्यांच्या पुस्तकाशी ताडून पाहावे. आमची माणसे पहाटेच आवारात येतात. परीक्षा संपल्या की मे महिन्यात या. उन्हाळ्यातली मोजणीच आम्हाला सर्वांत आधी हवी आहे.